दारोग्याचा खुराक

४ ऑक्टोबर

काल वन्यजीव सप्ताहाचं भाषण द्यायला गावातल्या एका शाळेत गेले होते. पोपट, मांडूळ, स्टार कासव घरी पाळणं गुन्हा आहे, एवढं सांगितलं, पोस्टर लावलं आणि परत आले. माझं बोलणं ऐकून कोणी काही करेल असं वाटलं नव्हतं.

आज दुपारी आमच्या वनखात्याच्या रोपवाटिकेच्या फाटकाशी ऑटो थांबला. साठी ओलांडलेल्या एक बाई उतरल्या. कडेवर लेकरू घ्यावं तसं टोपलं धरलं होतं, वर ओला टॉवेल.

"काल शाळेत बोलली ते पोरगी तूच काय?"

मी हो म्हणाले. त्यांनी टॉवेल काढला. आत कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्या, ताटाएवढा घेर. मी आजवर फक्त पोस्टरवर पाहिलं होतं.

"माह्या नातीनं घरी येऊन सांगतलं, दादी, आपल्या घरी गुन्हा हाय. मले मालूम नव्हतं. मालूम झाल्यावर कसं ठेवू?"

त्यांचं नाव हुस्नाबानो. मंगरूळपीरमध्येच राहतात. नवरा इब्राहीम ट्रक चालवायचे, मिरची भरायला आंध्रात जायचे. तिकडं रस्त्याच्या मधोमध हे कासव बसलेलं दिसलं, चाकाखाली येईल म्हणून उचललं आणि घरी आणलं. त्याला आता वीसेक वर्षं झाली. इब्राहीमचाचा मागेच वारले. कासव रोज सकाळी अंगणाच्या भिंतीकडेनं गस्त घालतं म्हणून त्यांनीच त्याचं नाव दारोगा ठेवलेलं.

आमचे रेंजर धरमसिंग साहेब स्वतः बाहेर आले. हुस्नाबानोंना खुर्ची दिली, कागद केले. नागपूरच्या उपचार केंद्रात जागा व्हायला वेळ लागेल, तोवर कासव इथंच राहील, म्हणाले. मग माझ्याकडं पाहिलं. "वैभवी, तू पाह्य."

मी आजवर कोंबडीसुद्धा पाळलेली नाही.

जाताना हुस्नाबानोंनी खुराक सांगितला. सकाळी दुधात भिजवलेली पोळी, दुपारी केळं, संध्याकाळी वरणभात. "पोट भरलं की मान आत घेते. तोवर देत राह्यजो. उपाशी नको ठेवू त्याले." टोपल्याकडं परत न पाहता त्या ऑटोत बसल्या.

५ ऑक्टोबर

सकाळी नागपूरच्या डॉक्टर मॅडमना फोटो पाठवले. त्यांनी व्हिडिओ मागितला, मग फोन केला.

"पाय आत घेतल्यावर बाजूनं मांसाच्या वळ्या बाहेर येतात, दिसल्या? हे कासव लठ्ठ आहे. पाठीवरचे उंचवटेही फार वाढलेत. काय खायला घालायचे?"

मी सांगितलं. त्यांनी एकेक खोडून काढलं.

पोळी बंद, दूध बंद, भात आणि केळं बंद. फक्त गवत आणि पाला. किती, तर त्याच्या पाठीएवढा ढीग, दिवसातून एकदा, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. उथळ पाण्यात बसवायचं, उन्हात फिरू द्यायचं. "सुरुवातीला खाणार नाही. रुसेल. तुम्ही हरू नका. त्याच्या अंगात भरपूर साठा आहे."

आणि फोन ठेवता ठेवता, "हो, आणि ही मादी आहे."

रोपवाटिकेतल्या धनीबाईनं वाफ्यांमधली हरळी कापून दिली. मी ताटलीत पाठीएवढा ढीग केला. कासवानं वास घेतला, ढिगावरून चालत गेलं आणि कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून बसलं.

हे सगळं त्या बाईंना सांगावं लागेल. कसं सांगू? वीस वर्षं जीव लावला त्यांनी.

७ ऑक्टोबर

त्या आज आल्या. मी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा चहाचं विचारलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "बेटा, काय झालं ते सांग. मेला काय?"

मग सांगून टाकलं. वळ्या दाखवल्या, पाठ दाखवली. दूध त्याला पचत नाही, हेही सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील, म्हणतील की वीस वर्षं जगलं ते काय हवेवर? माझी आई असती तर हेच म्हणाली असती.

त्या खाली बसल्या. कासवाच्या पायापाशी बोट लावून वळी दाबून पाहिली.

"मले वाटे, अंग धरलं यानं," म्हणाल्या. "मी मोहल्ल्यात सांगो, पाहा कसा गुटगुटीत हाय."

डोळ्यांत पाणी आलं तसं ओढणीनं पुसलं. मी काहीतरी धीराचं बोलणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "मंग आता काय करायचं? पहिल्यापासून सांग. सावकाश सांग."

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, मधे अडवून दोनदा विचारून घेतलं. निवडुंग चालतो काय, जास्वंदीची पानं चालतात काय. चालतात, म्हटल्यावर म्हणाल्या की जास्वंद त्यांच्या दारातच आहे, उद्यापासून आणीन.

मादी आहे म्हटल्यावर मात्र हसू आवरेना त्यांना. "इतके साल दारोगा, दारोगा करून राह्यलो आमी. एक डाव बी बोलली नाई."

मला काकू म्हणायचं की मॅडम, कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, खाला म्हण, मावशीच की.

जाताना एक डबा ठेवून गेल्या. घरी उरलं होतं म्हणे. मेथीची भाजी आणि ज्वारीच्या दोन भाकरी. बरं झालं, मी आज चहा-बिस्किटांवरच होते.

११ ऑक्टोबर

खात नाही. हरळी, जास्वंद, निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे, काहीच नाही. सकाळी ताजं ठेवते, संध्याकाळी सुकलेलं उचलते. दिवसभर फाटकाच्या दिशेनं तोंड करून बसते.

खाला रोज ऑटोनं येतात. त्या दिसल्या की हे एवढं जड अंग घेऊन ती तुरुतुरु पळत त्यांच्याकडं जाते. मान लांब करते, तोंड उघडते. त्या रिकामे हात दाखवतात. "नाई हाय. कसम से नाई हाय." ती त्यांच्या बोटांना, ओढणीला हुंगत राहते. मला बघवत नाही. खाला मात्र बसून राहतात, हरळीची काडी तिच्या तोंडासमोर धरून. हात दुखला की दुसऱ्या हातात घेतात.

आजही त्यांच्याकडं उरलं होतं. वांग्याचं भरीत.

१५ ऑक्टोबर

डॉक्टर मॅडम म्हणतात घाबरू नका. त्यांना नागपुरात बसून काय जातं. इथं ती माझ्या ताब्यात आहे. मेली तर वर काय लिहू, गवत दिलं पण खाल्लं नाही?

आज खाला लवकर गेल्या. धनीबाई वाफ्यांना पाणी देत होती. मी चहासाठी आणलेल्या दुधात दोन बिस्किटं भिजवली आणि बशी पुढं केली. तिनं एका दमात खाल्ली. बशी चाटून पुसून साफ केली आणि माझ्याकडं मान वर करून पाहिलं. मला इतकं बरं वाटलं की आणखी दोन दिली.

एकदा पोटात काही गेलं की अंगात जोर येईल, मग गवत खाईल. एवढ्यानं काय बिघडतं?

१६ ऑक्टोबर

खालांना कळलं.

आल्या, बसल्या, आणि रोजच्यासारखी ती पळत त्यांच्याकडं गेली नाही. माझ्याकडं आली. खालांनी तिचं तोंड निरखून पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात वाळलेला लगदा होता.

"दूध देल्लं काय तुनं?"

मी खोटं बोलणार होते. पण त्यांचा चेहरा पाहून बोलता आलं नाही. म्हटलं, मला तिच्याकडं पाहवत नव्हतं.

"मले पाहवते काय?" त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "वीस साल मी हेच केलं, बेटा. ते मान वर करे अन् मी देत जाओ. तिचं पोट भरत नव्हतं, माह्यं भरत होतं. तुले तर डाक्टरनं सांगतलेलं हाय. तुनं काहून द्यावं?"

मी खाली मान घातली. साहेब रागावले असते तर एवढं लागलं नसतं. त्या उठून माझ्याजवळ आल्या, डोक्यावर हात ठेवला. "चाल, इतले दिवस गेले तसे आणखी जातीन. दोघी मिळून बसू."

आणि मग डबा काढून मला म्हणाल्या, आधी तू जेव, तुझ्या पोटात काही नाही म्हणून तुझं मन कच्चं झालं. मी म्हटलं, मन आणि पोट यांचा काय संबंध. त्यांनी भाकरी मोडून माझ्या हातात दिली.

या बाईंना आपल्या मनाला धरून कसं ठेवता येतं, कळत नाही. मला ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवलं नाही.

२१ ऑक्टोबर

खाल्लं. खाल्लं तिनं.

सकाळी पाण्याच्या परातीत बसवून तिला उन्हात सोडलं होतं. खाला समोर मांडी घालून, हातात जास्वंदीचं फूल. पान नाही, लाल फूल. कालच डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं की लाल रंगाकडं लक्ष जातं, एखादं फूल चालेल. ती हुंगत आली आणि फुलाचा लचका तोडला. खालांनी श्वास रोखला, मी पण. दुसऱ्या लचक्यात फुलाबरोबर हरळीची काडी गेली, खालांनी मुद्दाम आत दडवलेली. ती चावून गिळली. मग नुसती काडी धरली. तीही खाल्ली.

खालांनी ओरडून कोणाला बोलावलं नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. ती खात होती तोवर तिच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. मूठभर झाल्यावर ती अजून मान लांब करत होती, मी आणखी हरळी पुढं केली. खालांनी माझा हात धरला. "आजच्यापुरतं बस."

ज्या बाईला देत राहायची सवय, तिनं स्वतःच बस म्हणावं.

२ नोव्हेंबर

दिवाळीला घरी जऊळक्याला जाऊन आले. आई म्हणाली, तब्येत सुधारली तुझी. मी म्हटलं, रोपवाटिकेची हवा.

इकडं धनीबाई सांगते की मी नसतानाही खाला रोज यायच्या, डबा मात्र नसायचा, आणि दारोगीण आता पाठीएवढा ढीग संपवते. पाय आत घेतल्यावर वळ्या पहिल्यासारख्या फुगत नाहीत. मी खालांना म्हटलं, आता ती खाते, तुम्हाला रोज ऑटोचा त्रास नको. त्या म्हणाल्या, "पाहू." बिचाऱ्यांना कासवाशिवाय करमत नसेल. मी हे धनीबाईला बोलले तर ती हसली. "कासवासाठी येते होय?" म्हणाली आणि खुरपं घेऊन निघून गेली. हसण्यासारखं काय होतं?

७ नोव्हेंबर

डॉक्टर मॅडमना नवा व्हिडिओ पाठवला. त्यांनी खूप कौतुक केलं. मग विचारलं, "हातातूनच खाते का? ताटलीतलं खात नाही?"

नाही खात. खालांच्या हातातून खाते, कधी माझ्या. जमिनीवर ठेवलं तर वाट पाहत बसते.

त्या म्हणाल्या, नागपूरच्या केंद्रात अशी आणखी स्टार कासवं आली आहेत. तब्येत बरी असणाऱ्यांना पुढं दक्षिणेत, त्यांच्या मुलखात, कुंपणातल्या माळावर ठेवतील आणि मग हळूहळू मोकळं सोडतील. पण जी स्वतः चरून खाते तीच दक्षिणेच्या गाडीत जाऊ शकते. माणसाच्या हाताची वाट पाहणारी तिथं उपाशी मरेल. तिला कायम पिंजऱ्यातच ठेवावं लागेल.

खाला शेजारीच होत्या, फोन स्पीकरवर होता. त्यांनी सगळं ऐकलं. हातातली हरळी खाली ठेवली आणि दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले. दारोगीण त्यांच्या गुडघ्यापाशी येऊन मान वर करून उभी होती.

"यायनं तिले रस्त्यातून उचललं," त्या इब्राहीमचाचांबद्दल म्हणाल्या. "त्याच रस्त्याच्या बाजूनं तिचं घर असन नाई?"

मी म्हटलं, असेल.

१० नोव्हेंबर

पद्धत खालांनीच ठरवली. हरळी कापून ताटलीत नाही, जमिनीत लावल्यासारखी, मुळासकट मातीत खोचायची. आणि त्यांनी स्वतः समोर बसायचं नाही.

रोपं सावलीत ठेवायला आमच्याकडं हिरवी जाळी बांधलेली आहे. त्या जाळीमागं त्या उकिडव्या बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, मी स्टूल दिलं तर म्हणाल्या, स्टुलावर दिसीन मी तिले. दारोगीण खूप वेळ त्यांना शोधत फिरली. जाळीपाशीसुद्धा आली. वास आला असणार. जाळीला तोंड लावून उभी राहिली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला खाला, मधे एवढीशी जाळी. खालांनी तोंडावर ओढणी घट्ट धरली आणि हलल्या नाहीत.

शेवटी ती वळली. हरळीकडं गेली नाही, पण वळली.

मला खालांच्या जागी बसता आलं असतं का? नाही.

१८ नोव्हेंबर

थंडी पडू लागली. खाणं थोडं कमी झालंय. मॅडम म्हणतात, थंडीत हे व्हायचंच, तिला भूक असेल तेवढंच खाऊ द्या, मागं लागू नका.

परवापासून खाला आतसुद्धा येत नाहीत. फाटकाशीच थांबतात. "वास येते तिले माह्या," म्हणतात. डबा माझ्या हातात देतात, किती खाल्लं, कुठून खाल्लं, कोणत्या बाजूनं सुरुवात केली, सगळं विचारतात आणि तशाच परत जातात. आज मी सांगितलं की तिनं वाफ्याच्या कडेची हरळी स्वतः शोधून उपटून खाल्ली, मी लांब उभी होते. त्यांनी फाटकाच्या सळ्या धरल्या. "दूर म्हंजे किती दूर?" मी हात करून दाखवलं. त्यांना ते अंतर फार आवडलं. आणखी दूर जाजो, म्हणाल्या.

कासव दिसतही नाही तरी एवढ्या लांब येतात. डबा मात्र रोज उरलेलाच कसा असतो, आणि तोही गरम, याचं नवल वाटतं. मोठ्या कुटुंबात अंदाज चुकत असेल. युनिफॉर्मचा पट्टा एका भोकानं सैल करावा लागला. धुऊन आटला असावा.

२७ नोव्हेंबर

आज नागपूरची गाडी आली.

मी खालांना सकाळीच निरोप पाठवला होता. वाटलं, आज तरी आत येतील, एकदा हातात घेतील. साहेबही म्हणाले, त्या आल्याशिवाय पेटी बंद करू नका.

त्या आल्या. फाटकाशी उभ्या राहिल्या. साहेब स्वतः गेले, म्हणाले, "भाभी, या ना आत. एक मिनिटानं काही होत नाही."

"साहेब, मी तिच्यापाशी गेली तर ते माह्याकडं येईन," खाला म्हणाल्या. "मंग गाडीत बसून दिवसभर मले हुडकन. अन् तठी गेल्यावर खाणार नाई. इतले दिवस जे केलं ते मातीत जाईन."

 साहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

मी पेटीत गवत अंथरलं. तिला उचललं तेव्हा ती मला हलकी वाटली. पेटी गाडीत ठेवली. गाडी फाटकातून निघाली तेव्हा खाला बाजूच्या कडुनिंबाआड सरकल्या, काचेतूनसुद्धा दिसू नये म्हणून. धूळ खाली बसेपर्यंत तिथंच होत्या.

मग आल्या आणि रिकाम्या जागेत, जिथं हरळी खोचत होतो, तिथं बसल्या. खूप रडल्या. मी पण रडले. रडता रडता म्हणाल्या, "रडू दे, आता तिले ऐकू नाई जात."

मी नोकरीला लागल्यापासून शूर माणसं म्हणून वणवा विझवणाऱ्यांचे, शिकाऱ्यांना पकडणाऱ्यांचे फोटो पाहत आले. आज एक शूर माणूस पाहिलं.

३ डिसेंबर

आठवडाभर डबा नाही. बरोबरच आहे, आता त्यांनी कशाला यावं. रोपवाटिकेत दुपार फार मोठी वाटते. आज दुपारी बिस्किटं खाल्ली, गोड लागली नाहीत.

१४ डिसेंबर

नागपूरहून व्हिडिओ आला. तो घेऊन संध्याकाळी खालांच्या घरी गेले. पहिल्यांदाच गेले. दारात जास्वंद, अंगण शेणामातीचं नाही, फरशीचं, भिंतीच्या कडेची फरशी मात्र गुळगुळीत झालेली. खाला चुलीपाशी होत्या. त्यांची नात नाजिश अभ्यास करत होती, तिनं मला ओळखलं, लाजून आत पळाली.

मी मोबाइल खालांच्या हातात दिला. व्हिडिओत मोठं कुंपण, पाच-सहा कासवं, मातीत हिरवं गवत. केंद्रातला एक माणूस हात पुढं करून बसलाय, हातात पाला आहे, तपासायला. दारोगीण त्याच्याकडं येते, जवळून जाते आणि थांबतसुद्धा नाही. पुढं जाऊन गवताला तोंड लावते. मॅडमनी खाली लिहिलंय, दक्षिणेच्या गाडीसाठी हिचं नाव दिलं.

खालांनी तो पुन्हा पाहिला, आणि पुन्हा. हात पुढं केलेल्या माणसापाशी आलं की त्या दर वेळी थोड्या पुढं झुकत.

"माह्या हातातलं बी नाई खाणार आता," म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाही खाणार, खाला."

"बस," त्या म्हणाल्या. "हेच पाह्यजे होतं." मोबाइल परत दिला. चेहरा ओला होता, पण आवाज ठणठणीत. काम करून हातपाय धुऊन बसलेल्या माणसाचा आवाज.

मी निघते म्हणाले. त्यांनी तव्यावर भाकरी टाकली होती, ती उलटली. "जेवून जा."

"जेवून आली मी."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नुसतं पाहिलं. मी चप्पल काढून परत बसले. ताटात वांगं, ठेचा, गरम भाकरी. माझं होईपर्यंत त्या समोर बसून होत्या. दुसरी वाढली, तिसरी वाढली. चौथ्या वेळी मी ताटावर हात आडवा धरला, तेव्हा थांबल्या.

निघताना उंबऱ्याशी थांबून विचारलं, "आता कासवाचं तर काही काम राहिलं नाही. पण मी परत आले तर चालेल का? कधी येऊ?"

खाला तवा पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"भूक लागली की येजो."